रस्टची स्टँडर्ड लायब्ररी: आधी नीट वापरायची कशी, मग तिच्यात आपला पहिला पॅच टाकायचा कसा

रस्ट ही प्रोग्रॅमिंग भाषा शिकायला घेतलेली बरीच मंडळी बॉरो चेकरशी (मेमरीचा वापर सुरक्षित आहे का ते तपासणारा कंपायलरचा भाग) झटापट करण्यातच इतकी दमतात की स्टँडर्ड लायब्ररीकडे धड बघायचं राहूनच जातं, मग काहीही लागलं की क्रेट्स डॉट आयओवर, म्हणजे रस्टची पॅकेजेस (क्रेट) मिळतात त्या साइटवर, जायचं, कुणाचं तरी पॅकेज उचलायचं आणि पुढे निघायचं. माझं म्हणणं सरळ आहे. सिस्टिम्स लँग्वेज खरी कळते ती तिच्या स्टँडर्ड लायब्ररीचा सोर्स वाचून, आणि रस्टचा हा सोर्स तर रस्टमध्येच लिहिलेला आहे, त्यात कॉमेंट भरपूर आहेत आणि कुणालाही त्यात बदल सुचवता येतो. म्हणून हा लेख दोन्ही गोष्टी एकत्र सांगतो, वापरायचं कसं आणि तिथून आत शिरायचं कसं. एखादी भाषा बऱ्यापैकी येत असेल आणि गिटचं कमिट, ब्रँच, रिबेस एवढं जमत असेल तर बास आहे.

कमांड आणि फंक्शनची नावं इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये अर्थातच ती रोमन अक्षरांत टाइप करायची.

थोडी पार्श्वभूमी. ग्रेडन होअर यांनी २००६ च्या सुमारास स्वतःचा प्रोजेक्ट म्हणून रस्ट सुरू केली, २००९ पासून मोझिलाने पाठबळ दिलं, आणि १५ मे २०१५ ला १.० व्हर्जन आलं. ही तारीख लक्षात ठेवा, कारण स्टेबल म्हणून जे दिलं ते मोडायचं नाही हे वचन तेव्हापासूनचं आहे आणि लायब्ररीतल्या निम्म्याअधिक भानगडी त्या वचनातून येतात. पुढे येईलच ते.

पायरी १: इन्स्टॉल करा, पण सोर्स आणि डॉक्ससकट

रस्टअप वापरा, म्हणजे रस्टचा अधिकृत इन्स्टॉलर. लिनक्स डिस्ट्रोच्या पॅकेज मॅनेजरमधलं रस्ट बऱ्याचदा जुनं असतं, त्यामुळे शिकताना ते नकोच. उबुंटूवर आधी 'बिल्ड इसेन्शियल' पॅकेज टाका, कारण रस्टला लिंकर लागतो आणि तो नसला की पहिल्याच 'कार्गो रन'ला (कार्गो म्हणजे रस्टचं बिल्ड टूल) भलामोठा एरर येतो आणि नवीन माणसाला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. विंडोजवर त्याऐवजी व्हिज्युअल स्टुडिओचे सी प्लस प्लस बिल्ड टूल्स लागतात.

मग दोन गोष्टी लगेच करून टाका. एक, 'रस्टअप कंपोनंट अॅड रस्ट-एसआरसी'. याने स्टँडर्ड लायब्ररीचा अख्खा सोर्स तुमच्या मशीनवर येतो, आणि एडिटरमध्ये रस्ट अॅनालायझर असेल तर कुठल्याही फंक्शनवर 'गो टू डेफिनिशन' केलं की थेट आतला कोड उघडतो. दुसरी, 'रस्टअप डॉक --एसटीडी' ही कमांड चालवून बघा, सगळं डॉक्युमेंटेशन ब्राउझरमध्ये ऑफलाइन उघडतं. नेट धड नसेल तिथे, प्रवासात वगैरे, याच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही.

पायरी २: कोअर, अॅलॉक, एसटीडी

आपण ज्याला स्टँडर्ड लायब्ररी म्हणतो ती खरं तर एकावर एक तीन मजले आहेत. सगळ्यात खाली कोअर. याला ऑपरेटिंग सिस्टिम लागत नाही, हीप मेमरी (प्रोग्रॅम चालू असताना मागून घेतलेली) लागत नाही, ऑप्शन, रिझल्ट, इटरेटर, स्लाइस, पूर्णांकांची गणितं हे सगळं इथे. त्याच्यावर अॅलॉक, म्हणजे ज्याला हीप लागते ते: बॉक्स, व्हेक, स्ट्रिंग, आरसी, बी-ट्री मॅप. सगळ्यात वर एसटीडी, इथे फाइल, नेटवर्क, थ्रेड, म्हणजे ज्यासाठी खाली ओएस असावीच लागते. एसटीडी खालच्या दोघांतलं सामान पुन्हा आपल्या नावाने बाहेर काढते, म्हणून रोजच्या कोडमध्ये आपल्याला फरक जाणवत नाही.

पण छोट्या मायक्रोकंट्रोलरसाठी कोड लिहायला बसलात की 'नो-एसटीडी' लिहावं लागतं आणि मग कुठली गोष्ट कुठल्या मजल्यावर आहे ते कळणं गरजेचं होतं. लिनक्स कर्नलमध्ये ६.१ व्हर्जनपासून, म्हणजे डिसेंबर २०२२ पासून, रस्ट आहे, आणि तिथेही एसटीडी नाही. कारण उघड आहे, एसटीडी ज्या ओएसवर उभी राहते ती ओएसच तुम्ही लिहिताय.

आता एक प्रश्न नवीन लोकांना नेहमी पडतो, हॅशमॅप अॅलॉकमध्ये का नाही, त्यालाही फक्त हीपच लागते ना? तर हॅशमॅपला सुरुवातीला रँडम की लागतात, आणि रँडम आकडे मागायचे तर ओएसकडेच हात पसरावा लागतो. की रँडम नसतील तर बाहेरचा माणूस मुद्दाम एकाच खान्यात पडतील अशा शेकडो किल्ल्या पाठवून तुमचा सर्व्हर ठप्प करू शकतो. म्हणून हॅशमॅप एसटीडीमध्ये, आणि म्हणूनच तुमच्या प्रोग्रॅममध्ये हॅशमॅपवर लूप फिरवला की प्रत्येक वेळी क्रम वेगळा येतो. तो बग नाहीये. क्रम हवा असेल तर बी-ट्री मॅप घ्या.

पायरी ३: एक छोटा प्रोग्रॅम, मराठी मजकुराचे शब्द मोजणारा

'कार्गो न्यू' करून नवीन प्रोजेक्ट घ्या. मराठीच मजकूर घ्या असं मी मुद्दाम सांगतोय, कारण इंग्रजी मजकुरावर जे चुकून बरोबर चालतं ते देवनागरीवर लगेच उघडं पडतं, आणि त्यातून रस्टची स्ट्रिंग जेवढी कळते तेवढी दुसऱ्या कशातून कळत नाही. आणि हो, १.५३ पासून, म्हणजे जून २०२१ पासून, व्हेरिएबलची नावंही देवनागरीत देता येतात, तेव्हा हौस असेल तर 'शब्द' नावाचं व्हेरिएबल खुशाल करा.

फाइल वाचायची. फाइल लहान असेल तर 'एफएस::रीड-टू-स्ट्रिंग' एका ओळीत काम करतं, विषय संपला. फाइल मोठी असेल तर 'फाइल::ओपन' करून तिच्याभोवती 'बफरीडर' गुंडाळा. हे विसरू नका, कारण रस्टची फाइल स्वतःहून बफरिंग करत नाही, तुम्ही रीड म्हटलंत की खाली सिस्टिम कॉल होतो, आणि छोटे छोटे रीड केले की प्रोग्रॅम रांगायला लागतो आणि लोक म्हणतात रस्ट तर पायथॉनपेक्षा स्लो आहे.

ओळी वाचायला 'लाइन्स' सोपं आहे, फक्त ते प्रत्येक ओळीसाठी नवीन स्ट्रिंग बनवतं. वेग हवा असेल तर एकच स्ट्रिंग बाहेर बनवून 'रीड-लाइन'ला देत राहा, पण दर फेरीला 'क्लिअर' करा, कारण रीड-लाइन आधीचं पुसत नाही, मागे जोडत जातं. डॉक्समध्ये हे लिहिलेलं आहे, तरी बहुतेकांना ते आउटपुट बघूनच कळतं.

आता शब्द वेगळे करायचे. पटकन सुचतं ते असं की जे अक्षर अल्फान्यूमेरिक नाही तिथे तोडायचं. मराठीत हे करून बघा एकदा, 'पुस्तक' या शब्दाचे 'पुस' आणि 'तक' असे दोन तुकडे होतात. का, तर युनिकोडच्या हिशेबात काना, मात्रा, वेलांटी यांना अल्फाबेटिक हा गुण आहे, पण हलन्ताला नाही, त्यामुळे 'इज-अल्फान्यूमेरिक' हलन्ताला फॉल्स देतं आणि प्रत्येक जोडाक्षर तिथे फुटतं. लायब्ररी युनिकोडशी प्रामाणिक आहे, आपणच फंक्शनचं नाव वाचून अर्थ गृहीत धरतो. यावर उपाय म्हणजे 'स्प्लिट-व्हाइटस्पेस'ने तोडा आणि मग 'ट्रिम-मॅचेस'ला स्वल्पविराम, पूर्णविराम, अवतरणचिन्हं, दंड अशी स्वतः ठरवलेली यादी द्या.

तसंच आकड्यांचं. '५' या कॅरेक्टरला 'इज-न्यूमेरिक' विचारलं तर ट्रू, 'इज-डिजिट' दहाच्या पायाने विचारलं तर फॉल्स, आणि '५' स्ट्रिंगला 'पार्स' करून पूर्णांक मागितला तर एरर. पार्सला फक्त 0 ते 9 हे इंग्रजी अंक कळतात. देवनागरी अंक हवे असतील तर कॅरेक्टरचा यू३२ घेऊन त्यातून '०' चा यू३२ वजा करा, देवनागरीचे दहाही अंक युनिकोडमध्ये ओळीने आहेत त्यामुळे उत्तर थेट मिळतं.

लांबीचंही बघून घ्या. 'मराठी' या शब्दाचं 'लेन' १५ येतं, 'चार्स' मोजले तर ५, आणि आपल्या डोळ्याला दिसतात ३ अक्षरं. तिन्ही आकडे बरोबर आहेत, प्रश्न वेगवेगळे आहेत: यूटीएफ-८ मध्ये बाइट किती, कोड पॉइंट किती, आणि माणसाला दिसणारी अक्षरं किती. तिसऱ्याचं उत्तर स्टँडर्ड लायब्ररी देत नाही, आणि डॉक्समध्ये तसं स्पष्ट लिहिलंय की त्यासाठी बाहेरचं क्रेट बघा. शून्य ते एक असा स्लाइस घ्यायला गेलात तर प्रोग्रॅम पॅनिक होतो (एरर देऊन तिथेच थांबतो) कारण 'म' तीन बाइटचा आहे आणि तुम्ही तो मधेच कापताय. 'गेट' वापरलंत तर पॅनिकऐवजी नन, म्हणजे 'काही नाही', मिळतं. आणि 'पुणे' शब्दाचे चार्स उलटे करून छापले तर मात्रा आधी येते आणि तिला बसायला व्यंजनच नसतं.

मोजणी हॅशमॅपच्या 'एंट्री'ने करा. एंट्री, ऑर-इन्सर्ट शून्य, आणि जे हाती येतं त्यात एक मिळवा, एका ओळीत होतं. आधी 'कंटेन्स-की' मग 'इन्सर्ट' असं करू नका, तीच की दोनदा शोधली जाते.

शेवटी छापणं. 'प्रिंटएलएन' दर वेळी स्टँडर्ड आउटपुटला लॉक लावतं, आणि ते लाइन बफर्ड आहे म्हणजे प्रत्येक ओळीला खाली ढकलतं. दहा ओळींना फरक पडत नाही, दहा लाख ओळींना फार पडतो. तिथे 'एसटीडीआउट'चा लॉक एकदाच घ्या, त्याला 'बफरायटर'मध्ये गुंडाळा आणि 'रायटएलएन' वापरा. आणि शेवटी 'फ्लश' स्वतः करा, प्लीज. बफरायटर ड्रॉप होताना फ्लश करतो खरा, पण तेव्हा आलेला एरर गिळून टाकतो, म्हणजे डिस्क भरली असेल तर फाइल अर्धवट राहील आणि तुमचा प्रोग्रॅम सगळं ठीक म्हणून बाहेर पडेल.

पायरी ४: आता आत बघा

एडिटरमध्ये 'ऑप्शन'च्या 'टेक'वर जा. आत एक ओळ आहे: 'मेम::रिप्लेस', सेल्फच्या जागी नन ठेव आणि जुनं परत दे. बास. इथून सुरुवात करायची, कारण लगेच लक्षात येतं की आतला कोड आपल्यासारखाच आहे.

मग 'व्हेक'च्या 'पुश'वर जा. लांबी आणि कपॅसिटी सारखी झाली असेल तर बफर वाढवायचा, मग अनसेफ ब्लॉकमध्ये (जिथे सुरक्षिततेची हमी कंपायलर नाही, लिहिणारा देतो) शेवटच्या जागेचा पॉइंटर काढून तिथे व्हॅल्यू लिहायची, आणि सगळ्यात शेवटी लांबी एकने वाढवायची. क्रम बघा. आधी लिहायचं, मग लांबी वाढवायची, उलटं कधीच नाही, कारण लांबी वाढली म्हणजे तिथे खरी व्हॅल्यू आहे असं बाकीचा सगळा कोड धरून चालतो. कपॅसिटीही छापून बघा, नवीन व्हेकची ० असते म्हणजे मेमरी मागितलेलीच नसते, पहिला आय३२ टाकला की ४ होते, पाचव्याला ८, नवव्याला १६. फक्त हे आकडे तुमच्या कोडमध्ये धरून चालू नका, वाढवायची पद्धत उद्या बदलू शकते आणि लायब्ररीने तिची हमी दिलेली नाही.

तिसरं ठिकाण माझं आवडतं, 'व्हेक'चा 'ड्रेन'. याचं काम व्हेकमधला एक भाग बाहेर काढून देणं. सोर्समध्ये दिसेल की सुरुवातीलाच व्हेकची लांबी कमी करून टाकली आहे, अजून एकही घटक बाहेर गेलेला नसताना. कारण असं की समजा कुणी ड्रेन अर्ध्यात सोडला आणि त्याच्यावर 'मेम::फर्गेट' चालवलं, तर ड्रेनचा डिस्ट्रक्टर (व्हॅल्यू संपताना आवराआवर करणारा कोड) कधीच चालणार नाही, आणि लांबी तशीच जुनी असती तर बाहेर गेलेला घटक व्हेकमध्येही राहिला असता, म्हणजे एकच मेमरी दोनदा मोकळी. आधी लांबी कमी केली की वाईटात वाईट काय होईल तर थोडी मेमरी गळेल, पण अनसेफ काही होणार नाही. हा विचार सहज सुचलेला नाही. १.० च्या अगदी तोंडावर, २०१५ च्या एप्रिलमध्ये, लोकांच्या लक्षात आलं की डिस्ट्रक्टर चालेलच असं धरून सेफ एपीआय बनवता येत नाही, आणि त्या पायी 'थ्रेड::स्कोप्ड' काढून टाकावं लागलं. तीच सोय वेगळ्या आकारात, क्लोजर घेणारं 'थ्रेड::स्कोप' म्हणून, १.६३ मध्ये ऑगस्ट २०२२ ला परत आली. सात वर्षं थांबले, पण बरोबर आकार मिळेपर्यंत स्टेबल केलं नाही.

वाचताना दोन गोष्टी दिसत राहतील. अनसेफ ब्लॉकच्या डोक्यावर 'सेफ्टी' अशी कॉमेंट, हे इथे का चालतं याचं कारण सांगणारी. ती वाचायची सवय लावा, अनसेफ शिकायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. आणि फंक्शनच्या वर 'स्टेबल' किंवा 'अनस्टेबल' असं अॅट्रिब्यूट, त्यात फीचरचं नाव आणि कुठल्या व्हर्जनपासून किंवा कुठला इश्यू नंबर ते.

पायरी ५: रिपो घ्या आणि बिल्ड करा

कंपायलर आणि लायब्ररी दोन्ही एकाच गिटहब रिपोत आहेत, रस्ट-लँग या खात्याखाली रस्ट नावाने. लायब्ररीचा सगळा कोड 'लायब्ररी' फोल्डरमध्ये. डिस्कवर ३० जीबी मोकळी ठेवा आणि रॅम ८ जीबी तरी असू द्या. आधी फोर्क करा. रिपोचा इतिहास प्रचंड आहे, नेट हळू असेल तर क्लोन करताना '--फिल्टर=ब्लॉब:नन' द्या, जुन्या फाइलींचा मजकूर लागेल तेव्हाच उतरतो.

इथे 'कार्गो बिल्ड' चालवायचं नाही, 'एक्स' नावाची स्क्रिप्ट आहे ती वापरायची, त्यासाठी पायथॉन लागतं. पहिल्यांदा 'एक्स सेटअप' करा, ते विचारेल काय करणार आहात, तिथे 'लायब्ररी' निवडा. ही निवड महत्त्वाची आहे, कारण तिच्यामुळे एलएलव्हीएम (कंपायलर ज्याच्याकडून मशीन कोड बनवून घेतो ते) तयार उतरवलं जातं, नाहीतर ते घरच्या लॅपटॉपवर कंपाइल होताना बघत बसायची वेळ येते. कंपायलर कंपाइल करायला लागणारा आधीचा कंपायलरही स्क्रिप्ट स्वतःच उतरवते.

रोजच्या वापरात तीन कमांड पुरतात. 'एक्स चेक लायब्ररी' टाइप बरोबर आहेत का ते पटकन सांगते. 'एक्स टेस्ट लायब्ररी/अॅलॉक' त्या भागाच्या टेस्ट चालवते, तिला '--डॉक' दिलं तर फक्त डॉक्युमेंटेशनमधली उदाहरणं. आणि 'एक्स टेस्ट टायडी' स्टाइल तपासते: ओळ १०० कॅरेक्टरपेक्षा लांब नको, टॅब नको, ओळीच्या शेवटी मोकळी जागा नको. टायडीला '--ब्लेस' दिलं की फॉरमॅटिंगसारख्या गोष्टी ती स्वतःच नीट करते. पहिल्या बिल्डला वेळ लागेल, लागू द्या, नंतर फक्त बदललेलं बिल्ड होतं.

पायरी ६: पहिलं काम डॉक्युमेंटेशनचंच घ्या

काहींना हे कमी दर्जाचं वाटतं. अजिबात नाही. रस्टमध्ये डॉक कॉमेंटमधलं प्रत्येक उदाहरण टेस्ट म्हणून कंपाइल होतं आणि चालतं, म्हणजे डॉक्सचा पॅच हा कोडचाच पॅच आहे, फक्त त्यात जुनं काही मोडायची भीती नाही. शिवाय पूर्ण प्रक्रिया, फोर्कपासून मर्जपर्यंत, एकदा अंगवळणी पडते.

काम शोधायचं कसं? इश्यू लिस्टमध्ये 'ई-ईझी', 'ई-मेंटॉर', 'ए-डॉक्स', 'टी-लिब्स' ही लेबलं लावून बघा. सापडलं की त्याखाली '@रस्टबॉट क्लेम' असं लिहा, बॉट ते तुमच्या नावावर करतो. पण खरं सांगायचं तर उत्तम काम लिस्टमध्ये सापडत नाही, वापरताना सापडतं. वरच्या प्रोग्रॅममध्ये डॉक्स वाचताना तुम्ही जिथे अडलात, जिथे वाटलं की हे एका ओळीत सांगायला हवं होतं, ती जागा लिहून ठेवा. आपण देवनागरी वापरणारे लोक आहोत, आपल्याला अशा जागा दिसतात ज्या फक्त इंग्रजी टाइप करणाऱ्याला कधी दिसणारच नाहीत.

लिहायची पद्धत ठरलेली आहे. पहिली ओळ एका वाक्यात फंक्शन काय करतं ते. मग लागेल तसे 'पॅनिक्स', 'एरर्स', 'सेफ्टी' हे मथळे, आणि 'एक्झाम्पल्स'. उदाहरण छोटं, शेवटी 'असर्ट-ईक्यू' असलेलं, छापून दाखवणारं नको, कारण छापलेलं कुणी तपासत नाही आणि असर्ट टेस्टमध्ये पकडलं जातं. इंग्रजी भारी असण्याची गरज नाही, साधी आणि अचूक वाक्यं हवीत, बाकी रिव्ह्यूअर सुचवतो.

पायरी ७: पुल रिक्वेस्ट

वेगळी ब्रँच, एकच विषय, नेमका कमिट मेसेज. मुख्य ब्रँच पुढे गेली तर तुमच्याकडे मर्ज कमिट करू नका, रिबेस करा, हा इथला नियम आहे आणि बॉट तो तपासतो. सही वगैरे कुठलाही करार भरून द्यावा लागत नाही, कोड एमआयटी आणि अपाची २.० या दोन्ही लायसन्सखाली जातो.

रिक्वेस्ट उघडली की रस्टबॉट कुणाला तरी रिव्ह्यूअर म्हणून नेमतो आणि 'एस-वेटिंग-ऑन-रिव्ह्यू' लेबल लागतं. रिव्ह्यूअरने बदल सांगितले की लेबल 'वेटिंग-ऑन-ऑथर' होतं, तुम्ही बदल केलेत की '@रस्टबॉट रेडी' लिहायचं. हे न लिहिता लोक दोन दोन महिने वाट बघत बसतात, समोरच्याला कळलेलंच नसतं की आता त्याची पाळी आहे. दोन आठवडे काहीच हालचाल नसेल तर नम्रपणे एक कॉमेंट टाका, किंवा झुलिप चॅटवर लिब्सच्या चॅनलमध्ये विचारा. ही मंडळी बरीचशी स्वतःचा वेळ देऊन काम करतात, त्यांना आठवण दिलेली चालते.

मंजूर झालं की रिव्ह्यूअर '@बॉर्स आर+' लिहितो. मग बॉर्स नावाचा बॉट तुमचा बदल मुख्य ब्रँचवर बसवून अनेक प्लॅटफॉर्मवर सगळ्या टेस्ट चालवतो आणि पास झाल्या तरच मर्ज करतो. छोटे बदल एकत्र गोळा करून 'रोलअप'मध्ये जातात, तुमचाही बहुधा तसाच जाईल. तुमच्या रोलअपमध्ये दुसऱ्याच्या पॅचमुळे टेस्ट पडली तर घाबरू नका, तो बाजूला काढून पुन्हा चालवतात.

पायरी ८: नवीन फंक्शन सुचवायचं असेल तर

इथे थेट कोड लिहून पाठवू नका. लिब्स टीमच्या, म्हणजे स्टँडर्ड लायब्ररी सांभाळणाऱ्या टीमच्या, वेगळ्या रिपोमध्ये 'एसीपी' म्हणजे एपीआय बदलाचा प्रस्ताव टाकायचा असतो: अडचण काय, आज लोक काय करतात, तुमचा उपाय काय. टीमला पटलं तर कोड अनस्टेबल म्हणून आत येतो, त्याचा ट्रॅकिंग इश्यू उघडतो, नाइटलीवर, म्हणजे रोज रात्री निघणाऱ्या प्रायोगिक आवृत्तीवर, लोक वापरून बघतात, आणि मग कधीतरी स्टेबल करायचा प्रस्ताव येतो. त्यावर टीमच्या सभासदांनी खुणा केल्या की शेवटचा १० दिवसांचा काळ असतो, कुणाचा ठोस आक्षेप आला नाही तर स्टेबल.

एवढं लांबण का, तर दोन खऱ्या गोष्टी सांगतो. इटरेटरवर 'इंटरस्पर्स' नावाचं मेथड आहे, घटकांच्या मधे मधे काहीतरी घालणारं, साधं आणि उपयोगी. ते वर्षानुवर्षं अनस्टेबल अडकलं, कारण 'इटरटूल्स' या प्रचंड वापराच्या क्रेटमध्ये त्याच नावाचं मेथड आधीपासून आहे आणि स्टेबल केलं की त्या लोकांच्या कोडमध्ये नावांची टक्कर होते.

दुसरी त्याहून बोलकी. १.८० मध्ये, जुलै २०२४ ला, बॉक्समधल्या स्ट्रसाठी 'फ्रॉम-इटरेटर' या ट्रेटचं (ट्रेट म्हणजे इतर भाषांतल्या इंटरफेससारखं) इंप्लिमेंटेशन आलं. दिसायला निरुपद्रवी. पण 'टाइम' या क्रेटच्या जुन्या व्हर्जन्समध्ये एके ठिकाणी 'कलेक्ट' करताना बॉक्समध्ये काय आहे ते लिहिलेलं नव्हतं, कंपायलरने ओळखावं म्हणून सोडलेलं होतं, आणि आतापर्यंत शक्यता एकच असल्यामुळे तो ओळखत होता. दुसरी शक्यता आली आणि त्याला ठरवता येईना. ज्यांच्या लॉक फाइलमध्ये (पॅकेजेसची नेमकी व्हर्जन्स नोंदवणारी फाइल) ०.३.३५ च्या आधीचं टाइम होतं त्यांचे बिल्ड नवीन कंपायलरवर पडले, स्वतःच्या कोडची एक ओळ न बदलता. यात नवीन माणसाने लक्षात घ्यायचं ते हे, की ट्रेटचं इंप्लिमेंटेशन फंक्शनसारखं अनस्टेबल ठेवता येत नाही, आत आलं की ते सगळ्यांना लागू. म्हणून 'हे इंप्लिमेंटेशन का नाहीये, दोन ओळींचं तर आहे' असं वाटून पुल रिक्वेस्ट टाकलीत तर तिच्यावर एवढी चर्चा का होते ते समजून घ्या. कितपत मोडेल याचा अंदाज घ्यायला 'क्रेटर' नावाचं टूल आहे, ते क्रेट्स डॉट आयओवरचा आणि गिटहबवरचा रस्ट कोड जुन्या आणि नव्या कंपायलरने बिल्ड करून फरक दाखवतं.

मर्ज झाल्यावर

दर सहा आठवड्यांनी स्टेबल रिलीज निघते. तुमचा बदल बहुधा दुसऱ्या दिवशीच्या नाइटलीत दिसेल, मग बीटात, आणि साधारण ६ ते १२ आठवड्यांत स्टेबलवर. डॉक्सचा पॅच असेल तर नाइटलीच्या ऑनलाइन डॉक्समध्ये त्या फंक्शनचं पान उघडून बघा, लिंक फुटलेली नाही ना, उदाहरण नीट दिसतंय ना. रस्टच्या साइटवर प्रत्येक रिलीजमध्ये हातभार लावणाऱ्यांची यादी असते, तिच्यात तुमचं नाव गिट कमिटमधून उचललं जातं, तेव्हा पहिला कमिट करण्याआधीच गिटमध्ये नाव आणि ईमेल बरोबर सेट करून ठेवा. आणि पुढचं काम त्याच फाइलमधलं घ्या, कारण तो भाग आता तुमच्या डोक्यात ताजा आहे आणि रिव्ह्यूअरही तुम्हाला ओळखतो.